मेला तर सलामी, जगला तर हेलपाटे

उरण तालुक्यांतील शेतकरी, कोळी, मिठागरांतले व कारागीर बांधवहो, आज आम्ही तुमच्यापुढें जी गोष्ट मांडणार आहों ती कोणा मोठ्या पुढाऱ्याची नाहीं. ती तुमच्या आमच्या घरांतून पहांटे डबा घेऊन निघणाऱ्या पोराची आहे. आगीच्या बंबावर चढणारा जवान आणि नाक्यावर उन्हांत उभा राहणारा पोलीस शिपाई हे कोणाच्या घरचे असतात? बंगलेवाल्यांचीं मुलें बंबाची नळी धरून धुरांत शिरलेलीं आम्हीं तरी पाहिलीं नाहींत. कुणबी, आगरी, कोळी, सुतार, चांभार, महार यांच्या घरचीं मुलें तेथें असतात. तेव्हां त्यांचा हात गेला, पाय मोडला, छातींत धूर बसला, तर तो घाव कोणाच्या चुलीवर बसतो हें निराळें सांगावयास नको.

३ सप्टेंबर २०१९ ची सकाळ उरणकर विसरलेले नाहींत. पाऊस कोसळत होता. ओएनजीसीच्या प्रकल्पांत पावसाचें पाणी वाहून नेणाऱ्या गटारांत सकाळीं सातच्या सुमारास आग भडकली. चार माणसें गेलीं. त्यांपैकीं तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेचे जवान होते. चौथे प्रकल्पाचे अधिकारी होते. आणखी कांहीं जण जखमी झाले. अशा वेळीं मेलेल्यांस सलामी मिळते, फुलें मिळतात, वर्तमानपत्रांत तसबीर येते. तें योग्यच आहे, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचा प्रश्न इतकाच आहे कीं, जो मेला नाहीं, जो हातपाय गमावून घरीं आला, त्याचें पुढें काय होतें?

हा प्रश्न नवा नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन नांवाच्या जहाजावर स्फोट झाले. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान ठार झाले व ८३ जखमी झाले. दर वर्षीं १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. शाळेंत आम्हीही मुलांस ही हकीकत सांगतों. पण सांगतांना ६६ चा आंकडा आमच्या तोंडीं चटकन येतो. ८३ चा येत नाहीं. त्या ८३ जणांपैकीं किती जण पुन्हा कामावर उभे राहिले, किती जण आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानें जेवले, हें आम्हांस कोणी कधीं शिकविलें नाहीं, आणि आम्हींही मुलांस शिकविलें नाहीं. दोष आमचाही आहे.

मेलेला आणि जखमी यांत अंतर तरी किती असतें? ९ मे २०१५ रोजीं मुंबईंत काळबादेवीला गोकुळ निवास ही इमारत पेटली. आग विझवितांना दोन अधिकारी तेथेंच गेले. दुसरे दोन भाजून रुग्णालयांत पडले व कांहीं दिवसांनीं गेले. त्यांत मुंबईच्या दलाचे प्रमुखही होते. ते दोघे वांचले असते तर काय झालें असतें, याचा विचार करा. त्यांचें शौर्य तेंच राहिलें असतें, आगही तीच. पण सलामीच्या जागीं त्यांच्या वांट्याला अर्ज, दाखले आणि वैद्यकीय मंडळापुढील तारखा आल्या असत्या.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सरकारी कायदेकानूचे विषय, आपण कशाला त्यांत पडावें? त्यांस आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण देतों. 'दीनबंधु' पत्र चालविणाऱ्या या गृहस्थांनीं सन १८८४ मध्यें मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून सुमारें ५,५०० सह्यांचें निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिलें. रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार, या मागण्या पुष्कळांस ठाऊक आहेत. पण त्याच निवेदनांत आणखी एक मागणी होती. कामावर इजा होऊन जो कांहीं काळ असमर्थ होईल त्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा. आणि जो कायमचा पंगू होईल त्याच्या पोटाची योग्य सोय व्हावी. सहा वर्षांनीं, १० जून १८९० पासून, रविवारची सुट्टी मिळाली. इजेच्या भरपाईचा कायदा मात्र १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून लागू झाला. म्हणजे सुट्टीला सहा वर्षें आणि तुटलेल्या हाताला चाळीस! त्या कायद्याच्या परिशिष्टांत आगीच्या बंबावरील नोकरांचाही समावेश होता.

आतां आजची स्थिति पाहूं. आपल्या देशांत नगरपालिकेचे निराळे पोलीस नसतात. उरणचे पोलीस नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखालीं, म्हणजे राज्य सरकारचे नोकर. बंबवाले मात्र अनेक धन्यांचे: कोणी केंद्रीय सुरक्षा दलाचा, कोणी सिडकोचा, कोणी बंदराचा, कोणी नगरपालिकेचा, आणि पुष्कळसे कंत्राटदाराचे. आग लागली म्हणजे हे सारे एकाच नळीला हात लावतात. ज्वाळा कोणाचा हजेरीपट पाहत नाहींत. पण एकदां का हात भाजला, कीं पहिला प्रश्न येतो तो हाच: तूं कोणाचा? आणि कधीं लागलास?

प्रथम कायम नोकराचें पाहूं. केंद्र सरकारच्या नोकरास कर्तव्यावर इजा होऊन नोकरी सोडावी लागली, तर असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम आहेत. ते मूळचे १९३९ चे असून २०२३ मध्यें नव्यानें केले गेले. त्यांत दोन भाग असतात. एक सेवेचा भाग, मूळ पगाराच्या निम्मा. दुसरा अपंगत्वाचा भाग, शंभर टक्के अपंगत्व असल्यास मूळ पगाराच्या तीस टक्के, कमी असल्यास त्या प्रमाणांत. नोकरींतून काढावें लागलेल्याचें अपंगत्व पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांमध्यें भरलें तर तें पंचाहत्तर धरतात. हिशेब करून पाहा. मूळ पगार ३०,००० रुपये आहे आणि वैद्यकीय मंडळानें साठ टक्के अपंगत्व ठरविलें. सेवेचे १५,०००, अपंगत्वाचे शंभर टक्क्यांस ९,००० होतात, म्हणून पंचाहत्तर टक्क्यांस ६,७५०. एकूण दरमहा २१,७५० रुपये, वर महागाई भत्ता. हें फार आहे असें कोणी म्हणूं नये. पण घर चालतें.

मग १ जानेवारी २००४ पासून केंद्रानें नव्या नोकरांस नवी अंशदायी योजना लावली. सशस्त्र सैन्य तेवढें वगळलें. महाराष्ट्र सरकारनें १ नोव्हेंबर २००५ पासून तेंच केलें, आणि मुंबई महानगरपालिकेनें ५ मे २००८ पासून. या योजनेंत निवृत्तिवेतन म्हणजे नोकरानें व सरकारनें साठविलेल्या पैशांचा बाजारांतला परतावा. पंचवीस वर्षें नोकरी केली तर कांहीं साठेल. पण ज्या पोराचा पाय दुसऱ्याच वर्षीं गेला, त्याच्या खात्यांत काय साठलेलें असणार? केंद्राला ही गोष्ट लौकर उमगली. २००९ पासून कर्तव्यावर मेलेल्या किंवा असमर्थ झालेल्या नोकरास जुन्या नियमांचा लाभ देण्याची सोय झाली. महाराष्ट्रांत मात्र राज्य कर्मचाऱ्यांस कुटुंब निवृत्तिवेतन व रुग्णता निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय निघाला तो ३१ मार्च २०२३ रोजीं. त्याच महिन्यांत कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला होता. सतरा वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, तोही संपानंतर! आणि रुग्णता निवृत्तिवेतन हें आजारानें असमर्थ झालेल्यास मिळतें तेंच. आगींत शिरून असमर्थ झालेल्याचें माप त्यांत निराळें नाहीं.

तिसरा माणूस कंत्राटी. अंगावर तोच गणवेश, डोक्यावर तेंच शिरस्त्राण. त्यास कायम नोकराचें निवृत्तिवेतन नाहीं. कामगार राज्य विमा, ज्यास लोक ई.एस.आय. म्हणतात, तो लागू असेल व महिना २१,००० रुपयांच्या आंत पगार असेल, तर कायमच्या अपंगत्वाबद्दल जन्मभर दरमहा कांहीं मिळतें. पूर्ण अपंगत्वास पगाराच्या सुमारें नव्वद टक्के, अंशतः असल्यास त्या प्रमाणांत. एक हात गेला तर कायद्याच्या कोष्टकांत साठ टक्के धरतात. म्हणजे १८,००० पगारावर सुमारें ९,७२० रुपये. पण कंत्राटदारानें कागदावर पगार ९,००० च दाखविला असेल, तर याचे निम्मे! पगार चोरणारा कंत्राटदार त्या पोराचें अपंगत्वाचें अन्नही आधींच चोरून ठेवतो, हें लक्षांत घ्या.

विमा लागू नसेल तर एकरकमी भरपाई. जुन्या १९२३ च्या कायद्याखालीं ३ जानेवारी २०२० पासून महिना १५,००० रुपयांपर्यंतचाच पगार हिशेबांत धरीत. तीस वर्षांच्या गड्याचा हात गेला तर ११,२३,०९२ रुपये येत. रक्कम मोठी दिसते. पण त्यांतून कर्ज फिटतें, बहिणीचें लग्न होतें, घराचें छप्पर होतें, आणि चार वर्षांनीं तो तिशींतला माणूस रिकाम्या हातानें नव्हे, रिकाम्या बाहीनें ओट्यावर बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नें घेतली आहे. कामावर जातां येतांना झालेला अपघातही तींत नोकरीशीं संबंध दिसल्यास धरला आहे, ही चांगली गोष्ट. पण नळी धरणाऱ्या तिघांमधला भेद तिनेंही मिटविला नाहीं.

आमच्या शाळेंतून गेलेल्या एका मुलाची हकीकत सांगतों. गांव, नांव व आस्थापना सांगत नाहीं, कारण त्यास अजून त्याच लोकांकडून कांहीं मिळण्याची आशा आहे. हा मुलगा चौथींत असतांना खाडीच्या बांधावरून शर्यत लावून सर्वांच्या पुढें पळे. मोठा होऊन एका ठिकाणीं कंत्राटदाराकडून बंबावर लागला. एका रात्रीं आग विझवितांना त्याच्या उजव्या हातावर जळतें सामान पडलें. बोटें आहेत, पण मिटत नाहींत. चार महिन्यांनीं तो आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, मना पेन्शन नको, कामावर घ्या म्हनून येक अर्ज लिवून द्या." आम्हीं अर्ज लिहिला व त्याच्याबरोबर गेलों. कारकुनानें हजेरीपट उघडला. त्यांत आमच्या मुलाच्या नांवापुढें 'मदतनीस' असें होतें. मदतनीसाचें काम सामान उचलण्याचें. तो आगीजवळ गेलाच कसा, असा उलट प्रश्न आम्हांस विचारण्यांत आला! ज्या रात्रीं साहेबांनीं त्यास हांक मारून पुढें धाडलें, त्या रात्रीं तो बंबवाला होता. सकाळीं भरपाईची वेळ आली तेव्हां तो मदतनीस झाला. परत येतांना तो आम्हांस म्हणाला, "गुरुजी, तुमी आमाला वाचाया शिकवलं, पन त्या वहींत काय लिवलंय तें वाचाया कोन देतंय?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. हा लेख म्हणजे त्याचें उत्तर समजावें.

या मुलानें पेन्शन नको, काम द्या, असें म्हटलें, तें कायद्यासही धरून आहे. अपंग व्यक्ति हक्क कायदा, २०१६ सांगतो कीं, सरकारी आस्थापनेंतल्या नोकरास नोकरींत असतां अपंगत्व आलें तर त्यास काढूं नये, पायरीही उतरवूं नये. त्याच पगारावर झेपेल असें दुसरें काम द्यावें, तसें काम नसेल तर जादा जागा निर्माण करून त्यावर ठेवावें. सुरेख कायदा आहे. पण १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनें केंद्रीय सशस्त्र दलांतील लढाऊ पदें यांतून वगळलीं. आणि कंत्राटी मुलाला तर दाराशींच सांगतात कीं तूं आमचा नोकरच नव्हेस. ज्यास इजेचा धोका सर्वांत अधिक, त्याच्यापाशींच कायदा येऊन थांबतो. याला काय म्हणावें?

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप: तिजोरींत पैसा नाहीं. आम्ही विचारतों, तिजोरींत नसतो तो पैसा मग येतो कोठून? त्या मुलाच्या बायकोच्या मंगळसूत्रांतून येतो. म्हाताऱ्या बापाच्या उरलेल्या गुंठ्यांतून येतो. अपंगत्वाचा खर्च नाहींसा होत नाहीं. सरकारनें व कंपनीनें तो उचलला नाहीं तर गरिबाचें घर उचलतें, एवढाच फरक. आणि निवृत्तिवेतन म्हणजे धन्याची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्यांत स्पष्ट सांगून ठेवलें आहे.

दुसरा आक्षेप: लोक खोटीं सोंगें आणतील. आणतील कोणी एखादा. त्यासाठीं वैद्यकीय मंडळ आहे. पण खोट्या लंगड्याच्या भीतीनें खऱ्या लंगड्यास दहा वेळां करंज्याहून रेवसच्या लाँचनें अलिबागेच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत चालवावयाचें, हा कोठला न्याय?

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांचा आहे व तो आम्ही सर्वांत अधिक मानतों. एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस विचारलें, "मास्तर, पोलिसांसाठीं कशाला रडतां? चौऱ्याऐंशीं सालीं गोळ्या कोणीं घातल्या?" खरें आहे. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जमिनीच्या रास्त मोलासाठीं लढतांना याच तालुक्यांत पांच शेतकरी गोळीबारांत पडले. तें विसरा असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. पण हुकूम देणारा कोण व बंदूक धरणारा कोण, हा भेद करावयास नको काय? बंदूक धरणाराही कोठल्या तरी घाटावरच्या कुणब्याचाच पोर होता. त्याचा पाय गेला असता तर हुकूम देणाऱ्यानें त्यास पोसलें असतें काय? आणि आज तर आमच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या व बंदराच्या दारावर, बंबावर, नाक्यावर आमचींच मुलें उभीं आहेत. जमीन आमची गेली. त्या जमिनीवरच्या आगींत हातही आमचाच जावा आणि भरपाईच्या वेळीं आम्ही परके ठरावें, हें आम्ही सोसणार नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. एक, ज्या आस्थापनेच्या आगींत माणूस अपंग झाला, त्या आस्थापनेनें त्याच्या जन्मभराच्या वेतनाची जबाबदारी घ्यावी. मग तो कायम असो, नव्या योजनेंतला असो वा कंत्राटी असो. एकच घाव, तर एकच हक्क. दोन, अपघाताचा अहवाल त्याच दिवशीं लिहावा, त्यांत माणूस खरोखर करीत होता तें काम लिहावें, व त्याची प्रत घरच्यांस द्यावी. तीन, अंतिम निकाल लागेपर्यंत तीन महिन्यांच्या आंत तात्पुरतें वेतन सुरू व्हावें. फाइल फिरत असतांना पोट थांबत नाहीं. चार, छातींत हळूहळू बसणारा धूर, गेलेला कान, रात्रीं ओरडत उठविणारी भीति, हीही इजाच धरावी. पांच, ज्यास दुसरें काम झेपतें त्यास काम द्यावें. घरीं बसविणें हा शेवटचा उपाय असावा.

आणि घरच्या माणसांस, विशेषतः आयाबहिणींस, आमचें सांगणें आहे. मुलगा बंबावर किंवा पहाऱ्यावर लागला कीं पेढे वांटा, पण त्याच दिवशीं त्याचा नेमणुकीचा कागद मागून घ्या व त्यावर हुद्दा काय लिहिला आहे तो वाचा. 'मदतनीस' असेल तर तेव्हांच विचारा. आगीनंतर विचारून उपयोग नाहीं. पगाराची पावती दर महिन्यास ठेवा. विम्याचा नंबर लिहून घ्या व कागदावर पगार किती दाखविला तें पाहा. वारसाचें नांव भरलें आहे कीं नाहीं याची खात्री करा. इजा झालीच तर रुग्णालयाचा एकही कागद हरवूं नका, आणि कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मराठी-इंग्रजी मजकुरावर अंगठा वा सही करूं नका. अर्जास मुदत असते. साहेब आज देतो उद्यां देतो म्हणून ती निघून जाऊं देऊं नका. वाचतां येत नसेल तर शाळेंत या. शाळा सुटल्यावर आम्ही रोज तासभर ओट्यावर बसूं; कागद वाचून दाखवूं व अर्ज लिहून देऊं. त्याचे पैसे घेणार नाहीं.

पुढल्या १४ एप्रिलला शाळेंत ६६ जवानांची हकीकत आम्ही नेहमींप्रमाणें सांगूं. या वेळीं मात्र ८३ जणांचीही सांगूं, आणि आमच्या त्या मुलाला मुलांपुढें बोलावूं. तो यावयास कबूल झाला आहे. त्याची एकच अट आहे: त्यास हार घालूं नये. आम्हीं ती मान्य केली आहे.